पिवळ्या उपरण्याचा फ्लेक्स

संज्या, तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तुझा फोटो डाव्या कोपऱ्यात आहे. शाळेच्या ओळखपत्रावर असतो तेवढा. मधोमध भाऊ आहेत. तूच त्यांच्या वाढदिवसाला केलेल्या चित्रातून त्यांना छातीपर्यंत कापून घेतलंय. त्यामुळे चेहऱ्यावर वाढदिवसाचं हसू तसंच राहिलंय आणि खांद्यामागे ते पिवळं उपरणंही तसंच फडफडतंय. वीस वर्षं केडगावात बसून तू सगळ्या जिल्ह्याचे फ्लेक्स केलेस. तुझा स्वतःचा मात्र दुसऱ्याच दुकानात घाईघाईत झाला. भाऊंच्या पोरांनी मोबाईलमध्ये होतं ते चित्र पाठवलं, त्या दुकानदाराने ते चिकटवलं आणि घाटावर तारेने बांधून टाकलं.

मला हसू आलं. खरं सांगतो, तुझ्या दशक्रियेच्या मांडवात हातात माईक धरून उभा होतो आणि पोटातून हसू आलं. शेजारी वळून बघितलं, कारण असलं काही दिसलं की मी गेली चाळीस वर्षं तुझ्याकडेच बघत आलोय. तिथे महाराजांचा तबलजी बसला होता. मग माझं हसू गेलं आणि जो राग आला तो, तू जाऊन आज सतरा दिवस झाले तरी, उतरलेला नाही.

भाऊ म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. हे वाचणाऱ्या इतरांनाही नाव सांगत नाही. आपल्याकडे गल्लीगणिक एक भाऊ आहे, प्रत्येकाला वाटू दे की हे आपल्याबद्दलच आहे.

ते उपरणं कुठून आलं ते मात्र सांगितलं पाहिजे. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटली की पारनेरहून एसटी पकडून मी दीडच्या सुमाराला तुझ्या दुकानात यायचो. तू मशीन बंद करायचास. वैशाली वहिनी डबा घेऊन यायच्या. ज्या स्क्रीनवर तू पुढाऱ्यांचे गाल गोरे करायचास, त्याच स्क्रीनवर आपण ती परदेशी सिरीयल बघायचो, हिंदीत डब केलेली. अंगात अचाट शक्ती असलेली माणसं. उडणारी, भिंती फोडणारी. सगळी एका कंपनीच्या पगारावर. कॅमेऱ्यासमोर लोकांना वाचवायचं आणि कॅमेरा बंद झाला की त्याच लोकांना तुडवायचं. तू तिला 'उडाणटप्पूंची सिरीयल' म्हणायचास. त्यांच्या म्होरक्याच्या पाठीवर पिवळा झगा होता, म्हणून त्याचं नाव आपण ठेवलं पिवळ्या.

पहिले दोन-तीन भाग मी नाक मुरडत बघितले. असला रक्तपात आणि शिवीगाळ शिक्षकाने बघावी का, असं मी म्हणालोही. तू म्हणालास, "मास्तर, ही आपल्याच तालुक्याची गोष्ट हाय. फक्त आपल्याकडची उडत न्हाईत, स्कॉर्पिओत बसतात."

धरणाचा तो भाग तुला आठवत असेल. पिवळ्या पैजेखातर बुक्की मारून धरणाची भिंत फोडतो. खालचं गाव वाहून जातं. मग तोच खाली उतरतो, कॅमेऱ्यासमोर चिखलातून प्रेतं उचलून आणतो आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर एका विधवेला मिठी मारून रडतो. तिला माहीत असतं भिंत कुणी फोडली ते. तिने डोळ्यांनी बघितलेलं असतं. तरी ती त्याच्या छातीवर डोकं टेकवते.

मी चिडलो. म्हणालो, ही बाई खोटी आहे, लिहिणाऱ्याला बाई कळलेली नाही. तू भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालास, "खोटी कशी? तिच्यामागं दोन पोरं हाईत. समोर मिठी मारायला आलेला मानूस हाय आन् मागं अख्खी कंपनी हाय. तू काय केलं असतंस, मास्तर?" मी म्हणालो, मी थोबाडीत दिली असती. तू हसलास. वहिनी डबा आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "मी नसतं टेकवलं डोकं. मरू दे कंपनी." आपण दोघेही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या सिरीयल बघतात हेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

तुझी खरी तक्रार वेगळीच होती. चार सीझन झाले तरी तू तीच करत होतास. "ह्या पिवळ्याचे एवढे मोठे मोठे पोस्टर दिसत्यात गावभर. ते बनवतं कोन? त्या मानसाला एकदाबी दाखवला न्हाई. तो घरी जाऊन काय जेवत आसंल, झोप लागत आसंल का त्याला, हे नको का दाखवायला?" मी म्हणायचो, "तुझ्यावर कोण सिरीयल काढणार?" तू म्हणायचास, "तेच तर. तिथंच खरी गोम हाय."

मग भाऊंचा वाढदिवस जवळ आला आणि तुझ्या डोक्यात किडा शिरला. तू भाऊंना उडवलंस. पुणे रस्त्याच्या वर, आकाशात, एक मूठ पुढे आणि पाठीवर पिवळ्याचं पिवळं उपरणं. खाली ओळ टाकलीस: 'संकटात धावून नव्हे, उडून येणारं नेतृत्व'. मला ते फोनवर पाठवलंस आणि खाली लिहिलंस, 'बघ आता, गावात एकजन तरी खुदकन हसंल.'

कुणी हसलं नाही. भाऊंना तो इतका आवडला की सगळ्या चौकांसाठी तोच करायला सांगितला. पोरांनी तो डीपीला लावला. ही तीच पोरं, जी पिवळ्याचाही फोटो डीपीला लावत होती आणि खाली 'बाप माणूस' लिहीत होती. अख्खी सिरीयल ज्याच्या नालायकपणावर बेतलेली, तोच त्यांना देव वाटत होता. मी त्याच शनिवारी दुकानात येऊन तुझ्यावर तोंड सोडलं. "तू त्याची टर उडवलीस की आरती केलीस? उपरणं तू दिलंस त्याला. आता तो ते उतरवणार नाही." तू मान वर न करता म्हणालास, "मला काय म्हाईत लोकं आंधळी हाईत." मी म्हणालो, "लोक आंधळे नाहीत, तू भित्रा आहेस. टर उडवायची तर समोर उडवावी, त्याच्याच डोक्यावर पगडी घालून नव्हे." तेव्हा तू बघितलंस माझ्याकडे. म्हणालास, "आन् तू रं? माईकवर काय करतोस तू?"

मी पिशवी उचलून निघालो. तीन शनिवार आलो नाही.

तुझा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तो झोंबला. पंचक्रोशीत दशक्रिया असली की सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. महाराजांचं प्रवचन होतं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. कोण आधी, कोण नंतर, कुणाच्या नावाआधी काय लावायचं, हे मला पाठ आहे. वहीत वाक्यं तयार असतात. 'अजातशत्रू व्यक्तिमत्त्व.' 'गोरगरिबांचा आधारवड.' 'तालुक्याची मुलूखमैदान तोफ.' मेलेल्या माणसासाठी दोन पानं आहेत, जिवंत पुढाऱ्यांसाठी अकरा. तू ती वही एकदा चाळली होतीस आणि म्हणाला होतास, "मास्तर, आपला धंदा एकच हाय. मी कापडावर करतो, तू हवेत."

चौथ्या शुक्रवारी तुझा आवाज आला फोनवर. एक फोटो आणि चाळीस सेकंदांचा मेसेज. मी तो शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून ऐकला. आता तो मला पाठ आहे, वहीतल्या वाक्यांपेक्षा पक्का.

"मास्तर, रुसवा सोड. उद्या शनवार हाय, दोन भाग राहिल्यात, तुझ्याबगर बघितले न्हाईत. हा बघ चौकातला खांब. तळातून पार कुजलाय, बोट घातलं तर आत जातंय. भाऊला दोनदा आणून दाखवला. म्हनला, वाढदिवस होऊन जाऊ दे, मग बघू. आता फ्लेक्स उतरवून परत लावायचाय, कुनाचा तरी फोटो राहिला म्हनं. उद्या मीच चढतो. दुसऱ्या कुनाला चढवला तर त्याला म्हाईतबी नसनार कुठं पाय ठेवायचा न्हाई ते. दुपारपर्यंत मोकळा होतो. ये तू. भांडन जिथं सोडलं तिथंच ठेवलंय."

मी ऐकलं, आणि उत्तर दिलं नाही. म्हटलं, एक दिवस तंगवू याला. फोटोतला तो गंजलेला खांब मी बघितला. बोटाने मोठाही करून बघितला. 'चढू नको' एवढे दोन शब्द लिहायला काय लागतं रे? आयुष्यभर शब्दांवर जगलो आणि तेवढे दोन नाही निघाले. शनिवारी अकराला तू पडलास तेव्हा मी सातवीच्या वर्गात धड्याची प्रश्नोत्तरं लिहून देत होतो.

तुझ्यावरही राग आहे माझा. कशाला चढलास? जो खांब कुजलाय हे तुला माहीत होतं, त्याच खांबावर, कुणा एकाचा फोटो राहिला म्हणून? त्या फोटोवाल्याचा जीव जाणार होता का? 'दुसरा चढेल' म्हणे. मग दुसऱ्यालाही चढू द्यायचं नव्हतं. फ्लेक्स न लावता वाढदिवस झाला असता तर भाऊ काय म्हातारे व्हायचे राहिले असते? हे मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय आणि तू तिकडे जाऊन बसलास. असलं कुठं असतं होय?

पंचनाम्यात लिहिलंय, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन. हे मला पाचव्या दिवशी कळलं. तुझा मेसेज माझ्या फोनमध्ये होता. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, दहावा होऊ दे. बघ, माझ्या तोंडातही तेच आलं. अमुक होऊन जाऊ दे, मग बघू.

दहाव्याला घाटावर माणूस मावत नव्हता. तुझ्यासाठी नाही, भाऊ येणार होते म्हणून. महाराज बोलले ते मी ऐकलंच नाही, मी त्या फ्लेक्सवरच्या उपरण्याकडे बघत होतो. मग गाड्या आल्या, गर्दी बाजूला झाली आणि भाऊ पहिल्या रांगेत येऊन बसले. कुणीतरी मला खूण केली. मी माईक तोंडाजवळ नेला.

संज्या, तुझी शपथ, मी ठरवून काही केलं नाही. तोंड उघडलं आणि ते आपोआप आलं. सायकल चालवणाऱ्याचा पाय जसा आपोआप फिरतो तसं. "शोकाकुल परिवाराचं सांत्वन करण्यासाठी, आपला अमूल्य वेळ काढून, गोरगरिबांचे आधारवड..." आणि पुढे त्यांचं सगळं नाव, पदांसकट. पूर्ण म्हणून झालं. माईक मी त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला, सवयच आहे तशी.

भाऊ चांगलं बोलले. त्यांना येतं. "संजूभाऊ आमचा हिरो होता," असं म्हणाले, आणि गळा दाटून आल्यावर जेवढं थांबतात तेवढं थांबले. मग तुझ्या लेकीला, ऋतुजाला आपल्या संस्थेत नोकरी लावण्याचा शब्द दिला. माईक परत देऊन वहिनींपाशी गेले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मोबाईल वर झाले. मी वहिनींकडे बघत होतो. वाटलं, आता हात झटकतील. 'मरू दे कंपनी' म्हणाल्या होत्या ना. वहिनींनी मान खाली घातली आणि हात राहू दिला.

आणि तुझा कावळा. पिंडाला लगेच शिवला. मागून एकजण म्हणाला, "बघा, भाऊंनी शब्द दिला आन् मोकळा झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. तू म्हणे समाधानाने गेलास. समाधान कसलं डोंबलाचं, त्या घाटावरच्या कावळ्यांना रोज अकराला खायची सवय आहे.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी घरी गेलो. मनात काय होतं ते स्पष्ट सांगतो. तुझा मेसेज घेऊन पोलिसांत जबाब द्यायला जायचं होतं, पण ऋतुजाची नोकरी जाईल, उद्या कुणी त्रास देईल, म्हणून वहिनींना विचारायचं होतं. आणि त्या 'नको' म्हणाल्या तर मला सुटका हवी होती. हेही खरं आहे. तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार?

वहिनी ओट्याशी होत्या. चहा दिला. मी बरंच इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "वहिनी, एक विचारू? त्या दिवशी भाऊंनी डोक्यावर हात ठेवला, तुम्ही काही बोलला नाहीत."

त्यांनी गॅस बारीक केला. म्हणाल्या, "बोलनार हुते, भावजी. खांबाचं मला म्हाईत हुतं. आदल्या रात्री जेवताना सांगितलं हुतं यांनी. मी ठरवून बसले हुते, जवळ आला तर सगळ्यांदेखत विचारीन. पन तुमी माईकवर म्हनलात, आधारवड. म्हनलं, यांचा एवढा जिवाभावाचा दोस्त, शिकलेला मानूस, तो म्हनतोय. मग मलाच कायतरी चुकीचं कळलं आसंल. म्हनून गप बसले."

मी चहाचा कप खाली ठेवला. तू मला विचारलं होतंस, तू काय केलं असतंस. मी थोबाडीत दिली असती म्हणालो होतो. प्रत्यक्षात मी काय केलं, तर त्या बाईचं डोकं धरून त्याच्या हाताखाली ठेवलं. तुझ्या सिरीयलमध्ये पोस्टरवाला दाखवला नाही म्हणून तू कुरकुरत होतास. त्यांनी माईकवालाही दाखवला नव्हता.

मग मी फोन काढला आणि तुझा मेसेज लावला. वहिनींनी पहिल्यांदा ऐकला तो तुझा आवाज म्हणून. पदर तोंडाला लावून. दुसऱ्यांदा लावायला सांगितला तेव्हा कान देऊन ऐकला. 'भाऊला दोनदा आणून दाखवला' इथे त्यांनी बोट वर केलं. ऋतुजा आतून आली होती. ती दारातच म्हणाली, "काका, मला त्या संस्थेत जायचं नाहीये. मी मेडिकलमध्ये लागते कुठंतरी." तिचं फार्मसीचं झालंय, हे मी विसरलोच होतो. तू मात्र तिच्या निकालाचा फुकटचा फ्लेक्स दुकानावर महिनाभर लावला होतास.

वहिनी म्हणाल्या, "आत्ताच जायचं का? मी चपला घालते."

वाटेत चौक लागला. खांब नवा बसवलाय, रंगसुद्धा वाळलेला नाही. तुला दोनदा दाखवूनही मिळाला नाही तो आता पंधरा दिवसांत मिळाला. पुराव्याला जुना खांब उरला नाही, तुझा फोटो तेवढा उरलाय. वर दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. त्याच्याही पाठीवर उपरणं आहे, या खेपेला लाल. तू फॅशन काढून गेलास, लेका.

ठाण्यात बसलेल्या हवालदाराने आम्हाला खुर्च्या दिल्या. मेसेज ऐकला, फोटो बघितला, बराच वेळ बघितला. मग कागद ओढला आणि लिहायला लागला. नाव, वय, धंदा. खांब, फोटो, दोनदा दाखवला, वाढदिवस झाल्यावर बघू. सगळं उतरवून घेत होता, आणि मधेच त्याने पेन ठेवलं.

"मास्तर, दहाव्याला मीबी हुतो बंदोबस्ताला. सूत्रसंचालन तुमीच करत हुता ना? तुमीच म्हनलात की त्यांना, गोरगरिबांचे आधारवड. उद्या त्यांचा वकील हेच विचारनार तुमाला. शंभर जनांच्या मोबाईलमध्ये हाय तुमचा आवाज."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात माईक नव्हता, समोर वही नव्हती. तुझ्याशी बोलतो तसं साधं बोललो.

"हो, म्हणालो. ते खोटं होतं. तेही लिहून घ्या."

त्याने पेन उचललं. संज्या, लिहून घेतलंय.